धावणाऱ्यांची सहा पुस्तके

‘पळणे’ या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. चोर पळतो, लढाईतून भित्रा पळतो, उधारी मागायला वाणी दारात आला की घरधनी मागल्या दाराने पळ काढतो. आणि जबाबदारी टाळणाऱ्याला तर आपण सरळ पळपुटाच म्हणतो. आता ‘धावणे’ हा शब्द पाहा. संकटात शेजारी धावून येतो, रडण्याचा आवाज आला की आई धावते, आणि भक्ताने धावा केला म्हणजे देवालासुद्धा बसवत नाही. खरे म्हणजे पाय तेच आणि लागणारा दमही तोच. परंतु पळणारा कशापासून तरी दूर जात असतो आणि धावणारा कशाकडे तरी जात असतो, एवढा भेद आपल्या पूर्वजांनी या दोन शब्दांत करून ठेवला आहे.

आज ज्या पुस्तकांविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, ती सगळी या दोन शब्दांच्या मधल्या वाटेवरची आहेत.

धावण्यावरची पुस्तके म्हटले की ऐकणाऱ्याला थोडे हसू येते. आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी माझ्या कपाटातली ही रांग पाहिली आणि म्हणाले, ‘यात लिहिण्यासारखं असतं तरी काय? डावा पाय, मग उजवा, मग पुन्हा डावा!’ मी म्हटले, ‘तुम्ही रोज गाणं ऐकता, तिथेही सूर सातच आहेत.’ ते हसले, पण पटले नाही. त्यांच्यासारखे आणखी पुष्कळ असतील म्हणून हा खटाटोप.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी धावपटू नव्हे. साताऱ्यात शाळामास्तर होतो. एक्केचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी डोळे वटारले, आणि मी पहाटे यवतेश्वराच्या घाटाला लागलो. पहिल्या दिवशी पहिल्या वळणाशीच बसलो. पुढे सोळा वर्षे धावलो. नंबर कधी आला नाही, यायचा प्रश्नही नव्हता. सत्तावन्नाव्या वर्षी उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, ‘चाला खुशाल. धावणं मात्र संपलं.’

खरं सांगू का, त्यानंतर चार-पाच महिने मला त्या पुस्तकांकडे पाहवेना. मग एका पावसाळ्यात ती पुन्हा काढली आणि एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. धावत होतो तेव्हा ज्या पुस्तकांनी अंगावर काटा आला होता, त्यांतली पुष्कळ आता पोकळ वाटू लागली. ‘उठा, जिंका, अशक्य काही नाही’ असा त्यांचा ठेका होता, आणि गुडघा गेलेल्या माणसाला ते काय सांगणार? काही थोडी पुस्तके मात्र जशीच्या तशी उभी राहिली, किंबहुना अधिक जवळची झाली. त्या चाळणीतून उरलेली ही सहा. सगळी मी इंग्रजीतून वाचली आहेत.

पहिले आहे रॉजर बॅनिस्टर यांचे ‘द फर्स्ट फोर मिनिट्स’. हे १९५५ साली निघाले. मैल म्हणजे १६०९ मीटर. हे अंतर चार मिनिटांच्या आत कोणी धावू शकेल का, हा त्या काळी मोठा वादाचा विषय होता. स्वीडनच्या गुंडर हेगने १९४५ साली ४ मिनिटे १.४ सेकंद इथपर्यंत मजल मारली होती आणि पुढे नऊ वर्षे तेवढा उंबरठा कोणाला ओलांडता आला नव्हता. बॅनिस्टर लंडनमध्ये वैद्यकीचे विद्यार्थी होते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जेवढा वेळ मिळेल तेवढाच त्यांचा सराव. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरला ते चौथे आले, वर्तमानपत्रांची बोलणी खाल्ली, आणि तिथेच थांबायचे ते आणखी दोन वर्षे थांबले नाहीत.

६ मे १९५४ रोजी सकाळी ते नेहमीप्रमाणे रुग्णालयात गेले. तिथल्या प्रयोगशाळेत बुटांच्या तळाचे खिळे घासून धारदार केले आणि आगगाडीने ऑक्सफर्डला निघाले. इफ्ले रोडच्या मैदानावर वारा सुटला होता. आज नकोच, असे त्यांचे मन म्हणत होते. मैदानाजवळच्या चर्चवर निशाण फडफडत होते. ते जरा मंदावले तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला. पहिल्या दोन फेऱ्या त्यांचा मित्र ब्रॅशर पुढे राहिला, तिसरीत चॅटवे पुढे आला, आणि अखेरच्या फेरीत बॅनिस्टर सुटले. वेळ झाली ३ मिनिटे ५९.४ सेकंद.

पुस्तकाची खरी गोडी मला मात्र दुसरीकडेच सापडली. तो विक्रम टिकला ४६ दिवस. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने जूनमध्ये तो मोडला. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला दोघे समोरासमोर आले, तिथे बॅनिस्टर जिंकले, आणि त्याच वर्षी शर्यती सोडून आपल्या वैद्यकीकडे वळले. पुढे ते मज्जासंस्थेच्या विकारांचे नामांकित तज्ज्ञ झाले; २०१८ साली वारले. एवढे यश पायाशी असताना वेळेवर थांबलेला माणूस कसा विचार करतो, हे या पुस्तकात वाचायला मिळते. ‘आम्हाला वेळच कुठे आहे’ म्हणणाऱ्यांनी तर ते अवश्य वाचावे.

दुसरे पुस्तक म्हणजे एक दीर्घकथा आहे. ॲलन सिलिटो यांची ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर’, साल १९५९. स्मिथ नावाचा गरीब वस्तीतला पोरगा एका बेकरीत चोरी करतो, पैसे घराजवळच्या पन्हळीच्या नळात दडवतो, आणि पोलीस दाराशी उभा असतानाच पावसाचे पाणी त्या नोटा नळाबाहेर आणून टाकते. रवानगी होते सुधारगृहात. तिथल्या प्रमुखाच्या लक्षात येते की हे पोर धावते छान. मग त्याला पहाटे एकट्याने रानातून धावायची मोकळीक मिळते. प्रमुखाला हवा असतो चषक. पोराने जिंकावे म्हणजे संस्थेचे नाव होईल.

शर्यतीच्या दिवशी स्मिथ सगळ्यांच्या पुढे असतो. शेवटची दोरी समोर दिसते, लोक ओरडत असतात, आणि हा तिथे पाय रोवून उभा राहतो. मागचा पोरगा पुढे जाऊन जिंकेपर्यंत उभाच राहतो. शिक्षा म्हणून पुढचे सहा महिने त्याला घाणीची कामे उपसावी लागतात.

शाळामास्तर म्हणून ही कथा मला फार बोचली, बरं का. किती मुलांना आपण त्यांच्यासाठी पळवले आणि किती मुलांना शाळेच्या फलकासाठी, असा हिशेब मी त्या रात्री घालत बसलो होतो. हिशेब काही माझ्या बाजूने आला नाही. आईबापांनी आणि मास्तरांनी ही कथा वाचावी. जिचा शेवट हरण्यात आहे आणि तरीही जिच्यात नायक हरलेला वाटत नाही, अशी शर्यतीची दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

आता आपल्या देशातले पुस्तक. मिल्खासिंग यांचे आत्मचरित्र, ‘द रेस ऑफ माय लाइफ’. हे २०१३ साली निघाले. त्याच वर्षी त्यांच्यावरचा चित्रपट आला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चित्रपट पाहिला असला तरी पुस्तक वाचावे. ते लहान आहे, भाषा सोपी आहे, इंग्रजीची भीती वाटणाऱ्याने इथूनच आरंभ करावा.

मी सुरुवातीला पळणे आणि धावणे यांतला भेद सांगितला. मिल्खासिंगांचे सारे आयुष्य म्हणजे एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंतचा प्रवास. १९४७ साली फाळणीच्या कत्तलीत, आज पाकिस्तानात असलेल्या गोविंदपुरा गावी, त्यांच्या डोळ्यांसमोर घरची माणसे मारली गेली. मरता मरता वडिलांनी सांगितले ते एवढेच, की पळ. पोर जीव घेऊन पळाले. दिल्लीत निर्वासितांच्या गर्दीत वाढले, बिनतिकीट प्रवासाबद्दल तुरुंगात गेले, बहिणीने दागिने विकून सोडवले. सैन्याने तीनदा परत पाठवले, चौथ्यांदा घेतले. तिथे एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्या दहांत येणाऱ्यांना पुढचे शिक्षण मिळणार होते. हे सहावे आले. जादा मिळणारा पेलाभर दूध हे त्या वेळचे मोठे आकर्षण, असे ते मोकळेपणाने सांगतात.

१९५८ साली कार्डिफला त्यांनी ४४० यार्डांचे सुवर्णपदक मिळवले. १९६० साली रोमला ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ते चौथे आले. घड्याळाप्रमाणे तिसऱ्यात आणि त्यांच्यात एक दशांश सेकंदाचे अंतर होते. त्याच वर्षी लाहोरला धावायचे आमंत्रण आले. जिथून पळालो तिथे परत जायचे कसे, म्हणून मन तयार होईना. अखेर गेले, धावले, जिंकले. मला विचाराल तर रोमपेक्षा लाहोरची शर्यत मोठी. २०२१च्या जूनमध्ये कोविडनंतरच्या आजारात ते गेले, तेव्हा मी हीच पाने पुन्हा काढून वाचली होती.

चौथे पुस्तक ‘बॉर्न टु रन’, लेखक ख्रिस्तोफर मॅकडूगल, साल २००९. ‘धावताना माझा पाय का दुखतो?’ या साध्या प्रश्नापासून लेखक निघतो आणि मेक्सिकोतल्या ताम्रदरीत, ताराहुमारा लोकांच्या डोंगरात, जाऊन पोचतो. हे लोक जुन्या टायरच्या तळव्याच्या चपला घालून डोंगरातून कोसच्या कोस धावतात. त्यातच शास्त्रज्ञांचा एक विचार येतो. माणसाच्या अंगावर दाट केस नाहीत, त्याला सर्वांगातून घाम येतो, म्हणून भर उन्हात तो सावकाश पण फार वेळ धावू शकतो. हरिणाला अंग निववायचे तर धापा टाकाव्या लागतात, आणि चौखूर उधळताना त्याला ते साधत नाही. म्हणून आपले आदिपूर्वज हरिणाला दमवून दमवून पकडत असावेत, असा तर्क आहे. वाचताना मोठी मौज वाटते.

मात्र हे पुस्तक तापात वाचू नये. ते वाचून मी दुसऱ्याच दिवशी बूट कोपऱ्यात फेकले आणि अनवाणी घाटात गेलो. चौथ्या दिवशी पोटरी अशी धरली की जिना उतरताना उलटे उतरावे लागे. दोष पुस्तकाचा नव्हे. चाळीस वर्षे बुटात वाढलेल्या पावलाला मी चार दिवसांत ताराहुमारा करायला निघालो होतो.

पाचव्या पुस्तकाची हकीकत जरा घरगुती आहे. माझी पुतणी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या मनाने घेतले की आपणही पहाटे घाटात धावायचे. वहिनींचा सक्त विरोध. मी पुतणीची बाजू घेऊन पुस्तकांतले दाखले देऊ लागलो, तशा वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, पुस्तकं ठीक आहेत. पण साडेपाचला अंधारात पोरगी एकटी. काही झालं तर पुस्तक येणार आहे का धावून?’

मला उत्तर देता येईना, कारण भीती खोटी नव्हती. मग मी कॅथरीन स्विट्झर यांचे ‘मॅरेथॉन वुमन’ पुतणीला दिले. हे २००७ सालचे. तिने ते वाचले, आणि वहिनी संध्याकाळी भाजी निवडत असताना आम्ही दोघे मिळून त्यांना ती कथा मराठीत सांगू लागलो.

१९६७ सालची गोष्ट. बायकांना इतके लांब धावणे झेपत नाही, अशी तेव्हा समजूत होती. कॅथरीन महाविद्यालयात शिकत होती. तिला शिकवणाऱ्या वयस्कर प्रशिक्षकालाही तसेच वाटे. तिने सरावात मॅरेथॉनपेक्षा पाच मैल जास्त, म्हणजे ३१ मैल धावून दाखवले. त्यात प्रशिक्षकालाच भोवळ आली. मग मात्र तोच तिला बॉस्टनला घेऊन गेला. अर्जावर तिने नेहमीप्रमाणे नावाची फक्त आद्याक्षरे घातली होती. क्रमांक मिळाला २६१. शर्यत सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच एक अधिकारी गाडीतून उतरून मागून आला आणि तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडू लागला. तिच्याबरोबर तिचा मित्र धावत होता, त्याने खांद्याचा धक्का देऊन त्या गृहस्थांना बाजूला उडवले. छायाचित्रकारांची गाडी जवळच होती. ती छायाचित्रे जगभर गेली.

ती त्या वेळी घाबरली होती, रडवेली झाली होती. पण आता थांबलो तर बायकांना हे जमत नाही असेच सगळे म्हणतील, हा विचार करून तिने शर्यत पुरी केली. बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. २०१७ मध्ये, सत्तराव्या वर्षी, तोच २६१ क्रमांक लावून ती बॉस्टनला पुन्हा धावली.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘तिच्याबरोबर तिचे मास्तर होते ना? मग हिच्याबरोबर तुम्ही जा.’

‘अहो, पण माझा गुडघा...’

‘स्कूटर आहे ना तुमची?’

झाले! दुसऱ्या दिवसापासून पुढे पुतणी आणि मागे स्कूटरवर मी. माणसाच्या धावेच्या वेगाने घाटात स्कूटर चालवणे हे धावण्याहून अवघड आहे, हे अनुभवाने सांगतो. काही महिन्यांनी तिला दोन मैत्रिणी येऊन मिळाल्या. आता तिघी वर जातात आणि मी पहिल्या वळणावर, जिथे मी पहिल्या दिवशी बसलो होतो तिथेच, चहाचा थर्मास घेऊन बसतो. आमच्याच जिल्ह्यातल्या माणदेशच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावल्या. ते नाव आता वहिनीच इतरांना सांगतात.

सहावे आणि शेवटचे पुस्तक जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचे. जपानीत २००७ साली आले, इंग्रजीत पुढच्या वर्षी, ‘व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग’ या लांबलचक नावाने. हे गृहस्थ आधी गाण्याबजावण्याचे मद्यगृह चालवीत. सिगारेटी भरपूर. ते बंद करून लेखनाला बसले आणि बैठ्या कामाने अंग सुटेल म्हणून, १९८२ साली, तेहेतिसाव्या वर्षी धावू लागले. पुढच्याच वर्षी भर उन्हाळ्यात अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटे धावत गेले. घाम वाळून अंगावर मीठ कसे साचले, ते वाचताना आपलेच ओठ खारट होतात.

परंतु या पुस्तकाचे मोल त्याच्या उत्तरार्धात आहे. १९९६ साली ते एका सरोवराकाठी १०० किलोमीटर धावले. जवळजवळ बारा तास लागले. शर्यत पुरी केली, आणि त्यानंतर त्यांचे धावण्यावरचे मनच उडाले. वयही होत चालले होते. पूर्वीइतकाच सराव करूनही वेळ दरवर्षी वाढत होती. ही गोष्ट ते कोणावर न रागावता, स्वतःची कीवही न करता सांगतात. उताराला लागलेल्या शरीराशी सभ्यपणे कसे वागावे, हे मला त्या पुस्तकाने शिकवले. त्या पावसाळ्यात मी कपाटातून पहिल्यांदा हेच काढले होते. वाचून झाल्यावर गुडघा बरा झाला नाही. पण त्याच्यावरचा राग गेला. मी घाटाच्या रस्त्याला पुन्हा जाऊ लागलो, चालत.

जाता जाता आणखी एक नाव. हे पुस्तकाचे नाही, माणसाचे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानातून मॅरेथॉन धावायला गेलेल्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन तो संघ पाठवला होता. आपल्या मुलुखातला हा माणूस जगातल्या धावपटूंत एकोणिसावा आला. त्यांच्या मनात त्या वाटेवर काय चालले असेल? बॅनिस्टरांनी जसे घड्याळाचे ठोके लिहून ठेवले, मुराकामींनी घामाचे मीठ लिहून ठेवले, तसे आपल्याकडच्या धावणाऱ्यांनीही लिहावे. आपल्यापैकी जे पहाटे धावतात त्यांनी परत आल्यावर वहीत चार ओळी तरी लिहाव्यात. कोणत्या वळणावर थांबावेसे वाटले आणि का थांबलो नाही, एवढे पुरे.

पुस्तक धावून येत नाही, हे वहिनींचे म्हणणे खरेच आहे. पण ते माणसाला उंबऱ्यापर्यंत आणून सोडते, एवढा माझा अनुभव. या आठवड्यात ग्रंथालयात गेलात तर मिल्खासिंगांचे पुस्तक मागून पाहा. ते संपले की मुराकामी. आणि गुडघे शाबूत असतील तर रात्री निजण्यापूर्वी बूट दाराशी काढून ठेवा.